चौदा एप्रिलचा खंड

‘‘हाय की,’’ असं बाळासो चौगुले बोलून गेला, आणि शब्द तोंडातून बाहेर पडल्याबरोबर, आपल्या हातून काहीतरी निसटून रस्त्यावर पडलं असावं असं वाटून त्याने खाली पाहिलं. खाली काही नव्हतं. नुकताच झाडलेला डांबरी रस्ता होता. त्यावर खराट्याने ओढलेल्या बारीक, एका अंगाला कललेल्या रेघा होत्या, आणि त्या रेघा जिथे थांबत होत्या तिथे शेवंताबाई कांबळे उभी होती. एका हातात खराटा, दुसऱ्या हातात वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली पुडी. तिने विचारलं होतं ते एवढंच, ‘‘भाऊसाब, यादीत माझं नाव हाय न्हवं?’’ बिंदू चौकाकडून येणाऱ्या रिक्षा तिला वळसा घालून जात होत्या. पावणेदहा झाले होते, आणि बाळासोच्या खांद्याला अडकवलेल्या पिशवीत कामावर राहणाऱ्यांची ती यादी होती. काल संध्याकाळी त्यानेच ती टाइप करून घेतली होती, दोनदा वाचून तपासली होती. शेवंताबाईचं नाव तीत नव्हतं.

‘‘मग झालं तर,’’ शेवंताबाई म्हणाली. ‘‘संघप्रिया कालपास्नं डोकं खाती. आई, विचार, आई, विचार. म्हटलं, भाऊसाब हायेत तिथं, मला काय घोर न्हाय. ह्ये घ्या. चौदा तारखेचं लाडू हायत. चार दिस झालं, पर बुंदीला काय हुतंय? यंदाबी तुमच्यामुळं सुट्टी गावली.’’

त्याने पुडी घेतली. कागदाला तुपकट डाग पडला होता आणि त्या डागातून आतल्या बाजूची अक्षरं उलटी दिसत होती. पुढे चालताना त्याच्या लक्षात आलं की आपण पुडी शरीरापासून जरा लांब धरली आहे, आणि ती तशी का धरली याचं उत्तर शोधायला मन तयार नाही. गेली दहा वर्षं दर एप्रिलमध्ये ही पुडी त्याला मिळत होती. पहिली दोन-तीन वर्षं ती त्याने कार्यालयात पोचल्याबरोबर गुंडू शिपायाच्या स्टुलावर ठेवून दिली होती. ‘मला गोड चालत नाही’ असं तेव्हा तो म्हणाला होता, आणि त्याच दुपारी साहेबांच्या मुलीच्या बारशाचे पेढे त्याने खाल्ले होते. पुढे सवयीने पुडी गुंडूचीच झाली. आज इतक्या वर्षांनी ते पेढे त्याला आठवले. त्यांचा वेलदोड्याचा वाससुद्धा आठवला. माणसाला नको ते किती नेमकं आठवतं, असं त्याला वाटलं, आणि पिशवीतल्या यादीचं वजन, खरं तर दोन कागदांचंच, खांद्याला जाणवू लागलं.

यादी वरून आली नव्हती. वरून आला होता तो आदेश. सरकारची तिजोरी ओढगस्तीला आली होती, पगारावरचा खर्च आवरा असं सगळ्या पालिकांना कळवण्यात आलं होतं, आणि त्यासाठी पदं कमी करण्याची एक पद्धत आखून दिली होती. रिकामी पदं तर रद्दच झाली होती. राहता राहिले रोजंदारीवरचे लोक. एकसष्ट जण होते. त्यांतले ज्यांची नोकरी अखंड आहे तेवढे ठेवायचे, बाकीच्यांना महिनाअखेर कमी करायचं. आता रोजंदारीच्या माणसाची नोकरी अखंड कशी असेल? ती अखंड होऊ नये याचीच तर व्यवस्था होती. एकोणतीस दिवस काम झालं की तिसाव्या दिवशी एक दिवसाचा खंड द्यायचा, हजेरीपत्रकात त्या चौकोनात तांबड्या शाईने ‘ख’ लिहायचा, आणि एकतिसाव्या दिवसापासून माणूस पुन्हा नवा. तो ‘ख’ गेली बारा वर्षं बाळासोच लिहीत आला होता. आदेश काढणाऱ्यांनाही हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी चौथ्या परिच्छेदात उदार मनाने लिहिलं होतं की, नियमितपणे एकोणतीस दिवसांनी पडलेला खंड हा केवळ तांत्रिक समजावा व दुर्लक्षित करावा. मात्र अन्य प्रकारे पडलेला खंड ही कर्मचाऱ्याची स्वेच्छेची गैरहजेरी समजावी. हा परिच्छेद पहिल्यांदा वाचला तेव्हा बाळासोला बरं वाटलं होतं. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा ‘अन्य प्रकारे’ या शब्दांवर त्याचं बोट थांबलं.

कारण बाळासो चौगुले हा दयाळू कारकून होता. असं तो स्वतःला कधी म्हणाला नव्हता, पण मनाच्या एका कोपऱ्यात ही समजूत त्याने वर्षानुवर्षं धुऊनपुसून ठेवली होती. एक्याण्णव साली, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, शेवंताबाई त्याच्या टेबलासमोर उभी राहिली होती. नोकरीला दीड-पावणेदोन वर्षं झालेली. ‘‘भाऊसाब, चौदा तारखेला मला मिरवणुकीत जायाचंय. मुकादम सुट्टी देत न्हाय. म्हणतोय, कचेरीला सुट्टी असती, झाडूला नसती.’’ रोजंदारीच्या माणसाला रजा नावाची गोष्टच नव्हती. बाळासोने हजेरीपत्रक चाळलं. तिचा खंड बावीस तारखेला येत होता. त्याने पेन उचललं आणि तो आठ दिवस अलीकडे आणला. चौदा तारखेच्या चौकोनात ‘ख’. तिला दिवस मिळाला, पालिकेचा नियम मोडला नाही, कुणाचंच काही बिघडलं नाही. इतकं सोपं होतं ते. मग दरवर्षी तसंच. मग इतरही यायला लागले. कुणाला जोतिबाच्या चैत्र यात्रेला जायचं असे, कुणाला शाहूवाडीकडे भाताच्या लावणीला, कुणाला सहा डिसेंबरला मुंबईला. बाळासो खंड सरकवून देई. ज्यांनी कधी काही मागितलं नाही त्यांचे खंड यंत्रासारखे तिसाव्या दिवशी पडत राहिले. आणि आता त्या न मागणाऱ्यांची नावं यादीत होती. अडतीस. मागणाऱ्यांची नव्हती. तेवीस.

टेबलाशी बसल्यावर त्याने पुडी ड्रॉवरमध्ये ठेवली. खिडकीबाहेर चैत्रातलं ऊन पांढरं झालं होतं. कपाटातून त्याने हजेरीपत्रकं काढली, का काढली ते त्यालाच कळलं नाही, आणि खाकी कापडाच्या बांधणीचा, डिंकाचा आणि जुन्या शाईचा मिसळलेला वास नाकात गेल्याबरोबर त्याला हातकणंगल्याजवळचा तो माळ दिसला. बहात्तरचा दुष्काळ. रस्त्याच्या कामावर आई, धोंडुबाई, खडी फोडत बसलेली. डोक्यावर पदर, पदरावर पांढरी धूळ, इतकी की लांबून सगळ्या बायका एकाच वयाच्या वाटत. एक दिवस धाकट्याला ताप भरला म्हणून ती उशिरा पोचली, ऊन डोक्यावर आल्यावर. हजेरी घेणारा कारकून पत्र्याच्या शेडमध्ये बसला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, शाळेतून भाकरी पोचवायला आलेल्या बाळासोकडे पाहिलं, आणि काही न बोलता पूर्ण दिवसाची खूण केली. त्या माणसाचा चेहरा बाळासोला आठवत नव्हता. पण पेनाचं टोक कागदाला लागलं तेव्हाचा तो बारीक आवाज आठवत होता. आपल्याला कारकून व्हावंसं वाटलं ते त्या आवाजामुळे, असं त्याने स्वतःला अनेकदा सांगितलं होतं. आज मात्र एक वेगळाच प्रश्न त्याच्या मनात आला: त्या कारकुनाने खूण केली होती ती ‘हजर’ची. आपण केली ती ‘खंडा’ची. दोघांची दया एकसारखी कशी असेल? त्याने आईला कामावर असल्याचं लिहिलं. आपण बाईला नसल्याचं लिहिलं, आणि वर तिच्याकडून लाडू घेतले.

‘‘भाऊसाब, मुंग्या लागल्यात की!’’ गुंडू शिपाई चहा घेऊन आला होता. ड्रॉवरच्या फटीतून तांबड्या मुंग्यांची बारीक ओळ निघून टेबलाच्या कडेने हजेरीपत्रकावर चढली होती. ‘‘शेवंताबाईचं लाडू न्हवं? आणा हिकडं. दरसाल माझंच असत्यात त्ये.’’

‘‘राहू दे,’’ बाळासो म्हणाला.

‘‘आँ? तुमास्नी गोड चालतंय व्हय?’’

बाळासोने हजेरीपत्रकावरच्या मुंग्या फुंकरीने उडवल्या. गुंडू आवाज खाली आणून म्हणाला, ‘‘आज लागणार म्हणं यादी. सकाळपास्नं चौघं येऊन बोर्ड बघून गेलीत. कोरा बोर्ड बघून जात्यात, च्या मायला. जणू शाई आपली आपण उगवणार हाय.’’

अकरा वाजता अमरसिंह साहेबांनी बोलावलं. हे प्रशासनाचे नवे अधिकारी. वय पस्तिशीच्या आत, बोलणं स्वच्छ, टेबल त्याहून स्वच्छ. बाळासोने यादी पुढे ठेवली आणि तिच्यावरचा हात मात्र काढला नाही.

‘‘साहेब, हे खंड जे आहेत, चौथ्या परिच्छेदात न बसणारे... ते या लोकांनी स्वेच्छेने घेतलेले नाहीत. ते मी सरकवले होते. त्यांच्या सोयीसाठी. तसं मी लिहून देतो.’’

अमरसिंहांनी खुर्ची मागे घेतली. ‘‘किती वर्षं करत होतात हे?’’

‘‘दहा. अकरा.’’

‘‘चौगुले, दयाळू माणसाच्या फायली वाचायला फार त्रास होतो. कारण त्यात काय झालं ते कधीच लिहिलेलं नसतं.’’ ते रागावले नव्हते, आणि तेच बाळासोला जड गेलं. ‘‘समजा, तुम्ही लिहून दिलंत की खंड कारकुनाच्या मर्जीने पडत होते. मग तेविसांचे तेवढे मर्जीने आणि अडतिसांचे नियमाने, हे कोण मानेल? ऑडिटवाले म्हणतील, सगळं हजेरीपत्रकच खोटं. मग अडतीसही गेले. चालेल तुम्हाला?’’

बाळासोने यादीवरचा हात तसाच ठेवला.

‘‘शिवाय तुमची चौकशी लागेल. निवृत्तीला किती राहिलीत?’’

‘‘सोळा वर्षं.’’

‘‘हरकतींना सात दिवस आहेत. कुणाकडे पुरावा असेल तर आणू दे, मी वाचीन. पण नियम चुकीचा आहे असं मला सांगू नका. तो मलाही दिसतो.’’ त्यांनी बाळासोच्या हाताखालून यादी अलगद ओढली आणि सही केली. पेनाचा आवाज झाला. तो वेगळा आवाज होता, किंवा तोच असेल.

दुपारभर तो टेबलाशी बसून होता. समोरच्या कागदांवर त्याची सही होत होती, माणसं येत होती, जात होती, आणि त्याच्या डोळ्यांपुढे एकसारखी एक मिरवणूक चालली होती. दरवर्षी चौदा एप्रिलला तो मुद्दाम बिंदू चौकाच्या बाजूला जाई. बायकोला भाजी आणतो म्हणून सांगे. धुतलेल्यासारखा लख्ख रस्ता, कडेला रांगोळ्या, निळे झेंडे, ढोल-ताशा, आणि त्या गर्दीत पांढऱ्या लुगड्यातली शेवंताबाई, केसांत फूल, मुलीचा हात धरलेली, खराट्यावाचून किती उंच दिसणारी. ती त्याला पाही आणि हात वर करी. त्या क्षणी बाळासोच्या छातीत काहीतरी उबदार पसरे. हा दिवस माझ्या पेनातून निघाला आहे, असं त्याला वाटे. हे वाटण्यात पाप होतं असं नाही; पण त्याला आता कळत होतं की तो मिरवणूक बघायला जात नव्हता, स्वतःची सही बघायला जात होता.

चार वाजता गुंडूने यादी बोर्डावर लावली. बाळासो खिडकीतून बघत होता. लोक जमले, बोटं कागदावरून खाली उतरली, पुन्हा वर चढली. आरडाओरडा झाला नाही. एका माणसाने तीनदा यादी वाचली आणि मग शेजारच्याच्या तंबाखूतली चिमूट मागून घेतली. पाचाच्या सुमारास शेवंताबाई आली, संघप्रिया बरोबर होती, सायकल धरून. मुलगी शिक्षिकेच्या कोर्सला होती, वाचायला तिला क्षण पुरला. तिने आईच्या कानाशी काही सांगितलं. शेवंताबाईने मान हलवली. ‘तू नीट वाचलं न्हाईस’ अशा अर्थाने हलवली असावी, कारण संघप्रियाने पुन्हा पहिल्या नावापासून बोट खाली आणलं. मग दोघींनी वर खिडकीकडे पाहिलं. बाळासोला मागे सरता आलं असतं. तो जिना उतरून खाली गेला.

‘‘भाऊसाब,’’ शेवंताबाई म्हणाली, ‘‘सकाळी तर हाय म्हनलासा.’’

‘‘खोटं बोललो,’’ बाळासो म्हणाला.

संघप्रिया म्हणाली, ‘‘सर, का नाही नाव? आईची एकोणनव्वदपासून नोकरी आहे. एक दिवस खाडा नाही तिचा. ताप असला तरी गेली आहे ती.’’

त्याने सांगितलं. एकोणतीस दिवस, तिसावा दिवस, तांबडा ‘ख’, चौथा परिच्छेद, चौदा एप्रिल. सांगताना त्याने नजर वर केली नाही. पायरीच्या कडेला कुणीतरी थुंकलेल्या पानाचा डाग होता, त्याच्याकडे बघत तो बोलत राहिला. सांगून झाल्यावर त्याला वाटलं, आता ती शिव्या देईल, आणि त्याला थोडं बरंही वाटलं असतं.

‘‘म्हंजे चौदा तारखेला मी कामावर न्हवतो, आसं लिवलंय तुमी,’’ शेवंताबाई सावकाश म्हणाली. ‘‘सालोसाल.’’

‘‘हो. सुट्टी हवी होती ना तुम्हाला.’’

‘‘सुट्टी हुती की. पर रस्ता कोण झाडनार हुतं?’’

बाळासोने मान वर केली.

‘‘मिरवणूक जायाची त्यो रस्ता माझ्याच वाटणीचा न्हवं का? मी पहाटं चारला येऊन सगळा झाडून काढतो. दरसाल. पोरं-बाळं अनवाणी चालत्यात, काचा असत्यात, खिळं असत्यात. बाबासाहेबांची मिरवणूक येणार आन् रस्ता काय घाण ठिवायचा? झाडून, घरी जाऊन, अंगूळ करून, मग लुगडं नेसून येतो. मुकादमाला इच्यारा. त्योच कुलूप काढून खराटा देतोय.’’ मग तिला काहीतरी सुचल्यासारखं झालं आणि ती किंचित हसली, ओशाळल्यासारखी, जणू चूक तिचीच होती. ‘‘तुमास्नी सांगितलं न्हाय. म्हटलं, तुमी एवढी सुट्टी दिली, आन् मी कामावर जातो म्हटल्यावर तुमास्नी वाईट वाटंल.’’

संघप्रियाने सायकलचं हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. ती आईकडे बघत नव्हती, बाळासोकडेही नाही. रस्त्याकडे बघत होती. लख्ख रस्ता, बाळासोला आठवलं. धुतलेल्यासारखा. अकरा वर्षं तो त्या रस्त्याच्या कडेला उभा राहिला होता, आणि हा कुणी झाडला असेल हा प्रश्न, पालिकेच्या झाडू खात्याची हजेरी लिहिणाऱ्या माणसाला, एकदाही पडला नव्हता.

‘‘उद्या या,’’ तो म्हणाला. ‘‘हरकतीचा अर्ज संघप्रिया लिहील. मुकादमालाही घेऊन या.’’

‘‘मुकादम येतोय व्हय? त्याचीबी नोकरी हाय, भाऊसाब.’’

‘‘बघू,’’ तो म्हणाला. याहून जास्त त्याला म्हणता आलं नाही. शेवंताबाईने वळताना विचारलं, ‘‘लाडू खाल्लासा?’’ आणि उत्तराची वाट न बघता ती मुलीमागून निघाली.

तो वर आला. कार्यालय सुटलं होतं. पंखे बंद झाल्यामुळे सगळीकडे कागदांचा उकाडा दाटला होता. नोकरीला लागला तेव्हा त्याला काम शिकवणारे हेडक्लार्क गणपतराव एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत: हजेरीपत्रकात खाडाखोड करायची नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, शेजारी खरं काय ते लिहायचं, आणि त्याखाली पूर्ण सही आणि आजची तारीख. ‘चूक झाकायची नसते, दाखवायची असते,’ असं ते म्हणत. तेव्हा बाळासोला हा कागदपत्रांचा शिष्टाचार वाटला होता. त्याने या सालचं हजेरीपत्रक ओढलं. एप्रिल. ओळ सव्वीस, कांबळे शेवंताबाई. चौदा तारीख. तांबडा ‘ख’ ठसठशीत होता. त्याला स्वतःच्या अक्षराचा अभिमान होता.

ती हजर होती, तर खंड उरतच नाही. नियम बरोबर की चूक हा प्रश्नही उरत नाही, आणि अडतिसांच्या नावाला धक्का लागत नाही. साहेबांना हवा होता तो पुरावा एवढाच. पण मग लागोपाठच त्याला ते बाकीचे बावीस जण आठवले. ते खरोखरच गेले होते, जोतिबाला, लावणीला, मुंबईला. त्यांच्यापर्यंत त्याची दया पोचली होती, म्हणून त्यांना वाचवणं त्याच्या हातात नव्हतं. जिच्यापर्यंत ती कधी पोचलीच नाही ती एकटी कदाचित वाचली असती. कदाचितच. मुकादम येईल की नाही, साहेब मानतील की नाही, आणि हे सगळं लिहिणाऱ्याचं पुढे काय होईल, यातलं काहीच त्याला दिसत नव्हतं. त्याच्या उजव्या हाताचा अंगठा बधिर झाला होता. त्याने तो चोळला.

मग त्याने तांबडी शाई बाजूला ठेवली, निळं पेन घेतलं आणि ‘ख’वरून एक आडवी रेघ मारली. खालचं अक्षर वाचता येत होतं. शेजारी लिहिलं, ‘हजर. पहाटे चार वाजता.’ खाली पूर्ण सही केली, बाळासो गणू चौगुले, अठरा एप्रिल दोन हजार एक. मग त्याने दोन हजार सालचं हजेरीपत्रक घेतलं. मग नव्व्याण्णवचं. प्रत्येक वर्षाचा ‘ख’ जरा जरा वेगळा होता, जुन्या वर्षांतली शाई विटकरी झाली होती, पण सही मात्र सगळीकडे आजचीच पडत होती.

गुंडू किल्ल्यांचा जुडगा वाजवत दारात आला. टेबलावर उघडी पडलेली हजेरीपत्रकं, त्यांवरच्या ओल्या सह्या आणि मधोमध सोडून ठेवलेली पुडी त्याने पाहिली. पुडीतला एक लाडू अर्धा खाल्लेला होता, आणि उरलेल्या अर्ध्यावर मुंग्या फिरत होत्या.

‘‘भाऊसाब, कुलूप घालायचंय की. किती वेळ हाय अजून?’’

बाळासोने अठ्ठ्याण्णवचं पान मिटलं आणि शेजारच्या गठ्ठ्यातून पुढचं काढलं.

‘‘सात वर्षं राहिलीत,’’ तो म्हणाला. ‘‘थांब जरा.’’